नेरुरकरबाईंची तक्रार

नेरुरकरबाईंची शोकसभा आमच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये झाली, तेव्हा एकामागून एक माणसं उठली आणि बाईंचं तोंडभरून कौतुक करून खाली बसली. मी मागच्या बाकावर होतो. मला सारखं वाटत होतं की आता दार ढकलून बाई आत येणार, छत्री टेकणार आणि म्हणणार, "झाला? आता आपापल्या तासाक चला." जिने उभ्या जन्मात कोणाला 'छान' म्हटलं नाही, तिला तासभर 'वंदनीय' आणि 'दीपस्तंभ' ऐकवणं म्हणजे सूडच होता. काही जणांनी तो अगदी मनापासून घेतला.

मी मराठी शिकवायचो, बाई भूगोल. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर. पैकीच्या पैकी मार्क पडलेल्या पेपरावर बाई लाल शाईने लिहायच्या, 'अक्षर सुधारा.' अक्षरही चांगलं असेल तर 'समास सोडा.' समासही सोडलेला असेल तर नुसती सही, पण ती अशी ठोकलेली की पोराला वाटायचं आपलं काहीतरी चुकलंच आहे. माझ्या मुलीच्या लग्नात बाई जेवून हात धुवायला आल्या तेव्हा माझ्या बायकोने हौसेने विचारलं, कसा झाला स्वयंपाक? बाई म्हणाल्या, "मीठ बरोबर होता." बायकोचं तोंड उतरलं. मला तिला बाजूला घेऊन सांगावं लागलं की अगो, याच्यावर बाईंकडे बक्षीस नाही.

तसं आमच्याकडे कौतुकाचं वावडंच आहे. फणसाला 'काय धरलाय' म्हटलं की पुढच्या वर्षी तो रुसतो. गुटगुटीत मूल बघून पाहुणा तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी होते, "खाईत नाय ओ काय!" पण बाईंचं प्रकरण दृष्ट लागण्याच्या पलीकडचं होतं. एकदा मी धीर करून विचारलंच, बाई, एखाद्या पोराला बरं म्हटलंत तर जीभ झडेल का? त्यांनी नकाशांची गुंडाळी काखेत मारली आणि म्हणाल्या, "कौतुक केला की माणूस थंयच थांबता, सर." आणि तासाला निघून गेल्या.

त्यांचं दुसरं वावडं म्हणजे मदत. घ्यायचं वावडं हो, द्यायचं नव्हे. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ मुंबईत, आणि आमच्या कट्टा गावच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर कौलारू घरात बाई एकट्या. एसटीत कोणी उठून जागा दिली तर "बस, पडशीत" म्हणून त्याच्याच खांद्याला धरून त्याला खाली दाबायच्या आणि दांड्याला लटकत मालवणपर्यंत उभ्या जायच्या. एकदा मे महिन्यात त्या शिडीवर चढून कौलं परतताना दिसल्या. मी खालून म्हटलं, बाई, एखादा गडी बघू का? उत्तरादाखल वरून एक फुटकं कौल आलं. नेम तुमच्यावर नव्हता, असं त्यांनी नंतर स्टाफरूममध्ये सांगितलं.

दुसऱ्याच्या घरी मात्र दुखणं आलं की पहिल्या बाई हजर. जाऊन पेज शिजवणार, औषधं लावून ठेवणार, आणि हे सगळं करताना आजाऱ्याशी कडाकडा भांडणार. पथ्य पाळलं नाहीस म्हणून भोगतोस, वगैरे. माणसं बरी व्हायची ती अर्धी औषधाने आणि अर्धी बाईंच्या धाकाने.

अशा बाईंच्या राज्यात ती शिष्यवृत्ती आली.

पुण्याकडे एक मोठं, नवं, काचेचं विद्यापीठ आहे. मार्क उत्तम आणि शिवाय अंगात समाजसेवेची तळमळ, अशा मुलांना तिथे सगळं फुकट मिळतं: फी, हॉस्टेल, जेवणखाण. कुडाळकडच्या एका पोराला ती मिळाली आणि त्याचा हार घातलेला फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरला. झालं. मार्कांची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती. टंचाई पडली ती समाजाची.

त्या वर्षी आमच्या भागात सेवेची अशी काही साथ आली की विचारू नका. हुशार पोरं सकाळी उठून, अंघोळ करून समाज शोधायला बाहेर पडायची. समाज थोडा आणि सेवक उदंड. वाडीतल्या म्हाताऱ्यांना एकदम भाव आला. भागीरथीकाकू म्हणून एक आजी होत्या, मुलगे सगळे ठाण्याला, वर्षभर दारात कुत्रं फिरकायचं नाही. त्यांनी चक्क वार लावून दिले. नव्या सेवकाला सांगायच्या, "मंगळवार परबाच्या झिलाचो आसा, पाय चेपूक. तू बुधवारी ये, आणि येताना पाव घेवन ये."

व्हाळावरच्या बंधाऱ्याची गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली. आमचा गाव दर हिवाळ्यात ओढ्यावर वाळूच्या पिशव्यांचा बंधारा घालतो, पाणी अडवायला. त्या वर्षी मुलांच्या एका गटाने घातला, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुसरा गट आला. आता व्हाळ पडला एक. मग काय करणार? आदल्या दिवशीचा बंधारा काढला आणि त्याच पिशव्यांनी नवा घातला. असं आठवडाभर चाललं, आणि आठवडाभर पाणी आपलं बिनघोर समुद्राकडे गेलं. बाई काठावर छत्री टेकून उभ्या होत्या. "पाणी अडवतंत की एकमेकांक?" एवढंच त्यांनी विचारलं. पोरांनी त्यांचाही फोटो काढला.

बाजारातल्या हार्डवेअरवाल्या नाईकांना वाटलं, एकट्या राहणाऱ्या बाईंसारखा समाज दुसरा कुठे मिळणार? त्यांची बायको मुलाला आणि फोटोग्राफरला घेऊन बाईंच्या अंगणात आली. मुलगा अंगण झाडणार होता. बाईंनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. एक खराटा मुलाच्या हातात दिला, दुसरा त्याच्या आईच्या, आणि फोटोग्राफरला टोपली देऊन पाठवलं परसात पातेरा भरायला. फोटो काढायला माणूसच उरला नाही. संध्याकाळी तिघे घामाघूम होऊन परत गेले आणि परसदार मात्र पहिल्यांदाच लख्ख निघालं.

या साथीत लागण न झालेली एकच मुलगी होती, दीपाली गावडे. बाईंच्या शेजारची. बाप नाक्यावर रिक्षा चालवायचा, आई काजूच्या कारखान्यात जायची. दीपालीला सेवा करायला वेळच नव्हता, कारण ती दिवसभर लोकांच्या कामात असायची. कोणाची कळशी विहिरीत पडली की गळ टाकून काढायला दीपाली. मोबाइलवर कोणाचं काय आलं ते वाचायला दीपाली. पेन्शनीसाठी म्हाताऱ्यांना अंगठा लावायला केंद्रावर जावं लागतं. जन्मभर शेतात घासलेले अंगठे, मशीन ते ओळखेल कशाला? मग ही पोर त्यांचे हात चोळून चोळून ऊन करत बसायची. बाजाराच्या मागे हमीदाबी राहायची, मुलगे कुवेतला. तिला दर महिन्याला ओरोसच्या दवाखान्यात साखर तपासायला न्यायचं कामही हिचंच. तिन्हीसांजेला ती बाईंकडे अभ्यासाला बसायची आणि बाईंची बोलणी खायची. उशीर का झाला, लक्ष कुठे आहे, नदीच्या उगमाला इतका वेळ लागतो का. ती हसायची आणि उत्तर लिहायची.

त्या वर्षी निकाल लवकर लागला आणि बारावीला ती तालुक्यात पहिली आली. पेढे वाटायच्या आधी बापाने तिला सरळ सांगितलं: ती शिष्यवृत्ती मिळाली तर जा, मी आडवा येत नाही. नाही मिळाली तर डोंबिवलीला आत्याकडे जायचं, तिच्या ओळखीच्या मेडिकलच्या दुकानात उभं राहायचं आणि चांगलं स्थळ आलं की आटपायचं. बापाला दोष देऊ नका. कट्ट्याच्या रिक्षावर पुण्याचं हॉस्टेल चालत नाही.

अर्ज बाईंनीच भरायला लावला. फोनवर मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, तुम्ही आजवर समाजसेवा काय केली? पोरगी म्हणाली, तसं काही नाही. शेजारपाजारचंच काय ते. फोटो? फोटो नाहीत. हे कळल्यावर बाई इतक्या संतापल्या की त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं, आणि न बोलता तिला पुढच्या वर्षाच्या अभ्यासाला बसवायच्या. पण मार्कच असे होते की विद्यापीठाने तिचं नाव गाळलं नाही. शेवटची पायरी उरली होती. त्यांची माणसं गावात येऊन, न कळवता, चार लोकांना विचारणार होती.

ती आली नेमकी मे महिन्याच्या अखेरीला. मे म्हणजे आमच्याकडे सोयरिकींचा हंगाम. पुण्याच्या नंबराची पांढरी गाडी नाक्यावर थांबली. त्यातून एक पिकल्या केसांचे गृहस्थ आणि एक कांजीवरम नसली तरी त्याच थाटाची साडी नेसलेल्या बाई उतरल्या. बाबलच्या हॉटेलात चहा सांगितला आणि हळूच विचारलं, "इथे दीपाली गावडे नावाची मुलगी आहे ना? कशी आहे हो?"

आता तुम्हीच सांगा, अशा गाडीतून, अशा महिन्यात, असं जोडपं, असा प्रश्न विचारतं तेव्हा त्याचा अर्थ काय होतो? सगळ्या नाक्याला कळलं, रिक्षावाल्या गावड्याचं नशीब उघडलं. आणि आमच्या नाक्याचा एक धर्म आहे. एरवी आम्ही एकमेकांची उणीदुणी काढण्यात दिवस घालवू, पण गावच्या चेडवाची, पोरीची, सोयरीक मोडायचं पाप कोणी करणार नाही.

बाबल टेबल पुसत म्हणाला, "चेडू म्हणजे गाय. घराभायर पाय टाकना नाय."

पाहुण्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि विचारलं, लोकांच्यात मिसळते का? कोणाच्या मदतीला वगैरे जाते? बाबल सावध झाला. याचा अर्थ यांच्या कानावर काहीतरी गेलंय. त्याने शपथेवर सांगितलं की ती कोणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही, घर बरं आणि आपण बरं. रिक्षावाल्यांनी माना डोलावल्या. केळीवाल्याने भर घातली की आपण रोज इथे बसतो, पण या मुलीला रस्त्यावर कधी पाहिलंच नाही. जिने आदल्या दिवशीच त्याच्या आईचा अंगठा मशीनला पटवून दिला होता, तिच्याबद्दल त्याने हे सांगितलं, आणि सांगताना त्याचा ऊर भरून आला होता.

पाहुणे तिथून हमीदाबीकडे गेले. तिचं नाव त्यांना कुठून मिळालं कोण जाणे. दीपाली तुम्हाला दवाखान्यात नेते का, असं त्यांनी विचारलं. हमीदाबीने गाडी बघितली, साडी बघितली आणि मनाशी ठरवलं की पोरगी परक्यांच्या घरी फिरते हे सासरच्यांना कळता कामा नये. ती म्हणाली, कोण दीपाली? मी नाय वळखत. वर त्यांना कोकमाचं सरबत पाजलं.

मी नाक्यावर पोचलो तेव्हा बाबल दीपालीच्या बापाला फोन करून पेढ्यांचं बोलत होता. हकीकत ऐकली आणि माझ्या लक्षात आलं, हे विद्यापीठाचेच. तसाच वळलो आणि बाईंच्या घराकडे सुटलो. अर्जावर ओळखीची व्यक्ती म्हणून बाईंचं नाव होतं, म्हणजे पाहुण्यांचा शेवटचा मुक्काम तोच. पण गाडी माझ्याआधी पोचली होती. दोघे ओटीवर बसले होते आणि त्या पाहुण्या बाई फार सौजन्याने सांगत होत्या की मार्क उत्कृष्टच आहेत, पण गावात तिचं काम कोणालाच माहीत नाही, एका आजींनी तर तिला ओळखलंही नाही. आम्हाला वाईट वाटतं. तरी तुम्ही तिच्या शिक्षिका आहात, तिच्याबद्दल दोन कौतुकाचे शब्द सांगाल का?

मी पायरीवरच बसलो. कौतुकाचे शब्द, आणि नेरुरकरबाई! संपलं म्हटलं सगळं. पोरगी चालली डोंबिवलीला.

बाईंनी पदर नीट केला आणि कचेरीत बोलावं तशा शुद्ध मराठीत सुरुवात केली.

"कौतुक कसलं? माझी तक्रार आहे. ही मुलगी घरात सापडत नाही. सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नकाशे काढून बसले, तर ही त्या हमीदाबीला घेऊन ओरोसला. का गेलीस म्हटलं, तर म्हणते रिपोर्ट आजच मिळणार होता. केंद्रावर म्हाताऱ्यांचे हात चोळत बसते. तो केळीवाला, त्याची आई, सगळे हिलाच धरतात, कारण ही नाही म्हणत नाही. कोणाची कळशी विहिरीत पडली की चालली पुस्तक टाकून. मी ओरडून ओरडून दमले. भूगोलात हिचे दोन मार्क गेले ते या लोकांपायी गेले. तुम्ही चौकशीला आलाच आहात तर त्यांना जाब विचारा." बाईंचा आवाज चढला आणि शुद्ध मराठी सुटली. "माझ्या दारात फुटको पाय घेवन येता कोण, तर ता पण हिकाच हाक मारता. मी काय मेलंय?"

पाहुण्या बाईंचं लिहिणं कधीच थांबलं होतं. गृहस्थ चाचरत म्हणाले, पण नाक्यावर तर सगळे नेमकं उलटं सांगत होते. तेव्हा मी पायरीवरून तोंड घातलं आणि सांगितलं की साहेब, तुम्हाला मुलाकडचे समजले ते. दोघे एकमेकांकडे बघायला लागले. गृहस्थांना हसू फुटलं, पाहुण्या बाईंच्या मात्र मनातून जाईना. त्यांनी विचारलं, आणि त्या आजी? त्या तर ओळखतच नाही म्हणाल्या.

"खोटं बोलली," नेरुरकरबाई म्हणाल्या. "पाच वेळा नमाज पढणारी बाई आहे. माणूस एवढं खोटं कोणासाठी उगाच बोलत नाही."

निघताना पाहुण्या बाईंनी विचारलं, मग तुमचं म्हणणं काय, द्यावी तिला? नेरुरकरबाई म्हणाल्या, "न्या तिला. इथे राहिली तर हे लोक तिला शिकू देणार नाहीत."

शिष्यवृत्ती मिळाली. नाक्याला अर्थात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. बाबलचं म्हणणं, मी काय वाईट सांगितलंय? पण तेव्हापासून पुण्याच्या नंबराची गाडी थांबून साधा देवळाचा रस्ता विचारू लागली तरी तो माका काय म्हायत नाय म्हणून मोकळा व्हायचा. दीपाली गेली. बाई तिला सोडायला स्टॅंडवर आल्या नाहीत. ऊन आहे म्हणाल्या, आणि छत्री दाराला टांगलेली होती.

पुढच्या वर्षी बाई अंगणात पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. भाऊ मुंबईला चला म्हणाला, नाही. आम्ही स्टाफने कामाला बाई ठेवतो म्हटलं, नाही. वॉकर घेऊन खुडुक खुडुक करत त्या स्वतःचा भात स्वतः उतरवायच्या. मदतीला आलेल्या माणसाला दारातूनच परत लावायच्या, मग तो कोणी का असेना. मी जायचो तो पेपर वाचायच्या निमित्ताने, आणि तेवढ्यात गुपचूप पाण्याचं पिंप भरून ठेवायचो. त्यांना कळायचं. त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या.

तिकडे पुण्यात दीपालीचं वेगळंच चाललं होतं. या शिष्यवृत्तीत दरवर्षी सेवेचे ठरावीक तास भरावे लागतात, नाहीतर पुढच्या वर्षापासून ती बंद. आता तिने सेवा काही कमी केली नव्हती. मेसमधल्या मावशीला दम्याचा झटका आला तेव्हा ती तिच्या उशाशी बसली होती, वॉचमनच्या मुलीची गणितं घ्यायची, पोरींची भांडणं मिटवायची. पण यातलं काहीच धरलं गेलं नाही. पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती. मावशीला दमा परवानगी घेऊन लागायला हवा होता. तास भरले नाहीत, तिला ताकीद मिळाली, आणि शेवटची संधी म्हणून ग्रामसेवा सप्ताहात तिचं नाव घातलं गेलं. गाव कुठला, तर आमचाच.

तर अशा तऱ्हेने एका सकाळी दीपाली आमच्या गावची सेवा करायला गळ्यात ओळखपत्र घालून बसमधून उतरली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टीशर्ट. बरोबर एक समन्वयक, नागपूरकडचा, भला पोरगा, हातात सतत मोबाइल. दीपालीच्या वाट्याला बाईंचं घर आलं. तिने पाणी भरलं, भात लावला, बाईंच्या पायाला तेल लावलं. बाईंनी तिला एकदाही परत लावलं नाही. दिवसभर तिच्यावर खेकसत होत्या तेवढंच. तेल थंड आहे, भात मऊ झालाय, ह्या पुण्याचा वळण.

शेवटच्या दिवशी समन्वयक आला तेव्हा मी ओटीवर होतो. त्याने सांगितलं की लाभार्थीचा एक छोटा व्हिडिओ लागतो, त्याशिवाय तास मंजूर होत नाहीत. काय म्हणायचं तेही त्याने वाचून दाखवलं: मी एक निराधार ज्येष्ठ नागरिक आहे. विद्यापीठाच्या उपक्रमामुळे मला आधार मिळाला.

मी बाईंकडे बघायची हिंमत केली नाही. दीपाली पुढे झाली. "नको बाई. ऱ्हवांदे. मी दुसरीकडे खंय तरी जातंय."

"तू गप ऱ्हव," बाई म्हणाल्या. आणि त्या मुलाला विचारलं, याच्याशिवाय हिचं शिक्षण चालू राहत नाही ना? तो नाही म्हणाला. बाईंनी चष्मा पुसला, वॉकर नजरेआड सरकवला आणि मोबाइलकडे बघून, एकेक अक्षर सुटं करून, आपण निराधार असल्याचं वाक्य पुरं म्हटलं. माझी मान खाली गेली. त्यांनी फोनसमोर म्हटलेला तो 'निराधार' अजून माझ्या कानात आहे आणि तो मला आवडत नाही.

तेवढ्यात रस्त्यावरून पाववाल्याचा भोंगा वाजत गेला. समन्वयक हिरमुसला. भोंग्याचा आवाज आला मॅडम, एकदा परत घ्यावं लागेल. आणि जमलं तर थोडं मनापासून.

बाई या वेळी फोनकडे न बघता, समोरच्या माडाकडे बघत बोलल्या.

"ही गेल्यापासून माका घर खावक उठता. कोण इलो तर मी दारातसून परत धाडतंय, कारण माका हीच व्हयी आसा. पण मीच तिका धाडलंय. तुमचे काय ते तास भरून घेवा, आणि तिका परत धाडू नकात. शिकू दे तिका."

समन्वयकाने फोन खाली केला. त्याला मालवणी कळत नव्हतं. तो माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, हे पॉझिटिव्हच आहे ना?"

मी हो म्हटलं.

त्याने व्हिडिओखाली 'लाभार्थी समाधानी' असं लिहिलं आणि रेंज शोधत वळणाकडे गेला. दीपाली ओटीच्या खांबाला धरून, तोंड पलीकडे करून उभी होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं.

"उबी कित्याक ऱ्हवलंस?" त्या म्हणाल्या. "हंय बस वायच."

ती बसली. मी चपला घातल्या आणि निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा बाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता, आणि समन्वयक बस सुटते म्हणून हाका मारत होता तरी सोडला नव्हता.